फॉस्फेट बसलं खरं, पण त्याने केलं काय? फळमाशीतल्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट भिंगाखाली धरलं की आधी नजरेत भरतात ते त्याचे विटकरी-लाल डोळे. एकेका डोळ्यात साडेसातशे ते आठशे षटकोनी भिंगं आणि प्रत्येक भिंगाखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. या आठही जणी एकदम ठरत नाहीत. आधी आर-८ ठरते, मग आर-२ आणि आर-५ ही जोडी, मग आर-३ आणि आर-४, मग आर-१ आणि आर-६, आणि सगळ्यात शेवटी अतिनील प्रकाश पाहणारी आर-७. तोवर त्या पेशींच्या केंद्रकात 'यान' नावाचं प्रथिन वाट अडवून बसलेलं असतं. त्याच्यावर फॉस्फेटं बसली की त्याला केंद्रकाबाहेर नेलं जातं, मोडलं जातं, आणि पेशीची चेतापेशी होण्याची वाट मोकळी होते.

हा लेख एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात माश्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्यांसाठी आहे. हातात बहुतेक वेळा एवढंच असतं: एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं (म्हणजे जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचं) नाव आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत सापडलेल्या दहा-बारा जागांची यादी. त्या जागांवर फॉस्फेट बसतं, हे यादी सांगते. ते बसल्याने माशीत काही बदलतं का, हे यादीत कुठेच नसतं. ते माशीलाच विचारावं लागतं, आणि नीट विचारायचं तर सहा-आठ महिने जातात. म्हणून पायऱ्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

आधी एक समज पक्की करा

किनेज एटीपीमधलं फॉस्फेट उचलून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनवर बसवतं. फॉस्फटेज ते काढतं. एका फॉस्फेटने प्रथिनाचं वजन सुमारे ८० डाल्टनने वाढतं आणि तिथे ऋण प्रभार येतो. एवढंच. 'फॉस्फोरिलेशन म्हणजे चालू' ही शाळेपासून रुजलेली कल्पना मात्र सोडून द्या. फळमाशीतच पाहा, एकाच बदलाचे किती वेगवेगळे परिणाम होतात.

'मॅड' या प्रथिनाच्या शेपटाकडच्या सेरीनांवर थिकव्हेन्स हा रिसेप्टर फॉस्फेट बसवतो. मग मॅड मेडिया या प्रथिनाशी जोडी करून केंद्रकात साठतं आणि जनुकं चालू करतं. भ्रूणात फॉस्फेट बसलेल्या मॅडचं रंगकाम केलं तर पाठीच्या मध्यावर एक अरुंद, उजळ पट्टा दिसतो. फॉस्फेट इथे होकार देतं. यॉर्की या प्रथिनाचं उलट आहे. वॉर्ट्‌स हे किनेज त्याच्या सेरीन १६८ वर फॉस्फेट बसवतं, १४-३-३ हे प्रथिन तिथे चिकटतं आणि यॉर्की केंद्रकाबाहेर अडकून पडतं. ही पकड सुटली की अवयव प्रमाणाबाहेर वाढतात. यॉर्की स्वतः डीएनएला धरत नाही, स्कॅलोप्ड या फॅक्टरच्या आधाराने काम करतं. पण नियमनाची रीत समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण नाही.

होमिओडोमेन, म्हणजे डीएनएला धरणारा एक भाग, असलेल्या दोन प्रथिनांची जोडी मला फार बोलकी वाटते. फुशी तराझूच्या होमिओडोमेनमधलं थ्रिओनीन २६३ बदलून अलानीन केलं, तर ते प्रथिन भ्रूणाचे हरवलेले खंड परत आणू शकत नाही. तिथे अस्पार्टिक आम्ल बसवलं तर काम होतं. म्हणजे इथे प्रभार हवा आहे. अँटेनापीडियात सीके-२ या किनेजच्या जागा अलानीन केल्या, तर प्रथिन जास्तच आक्रमक होतं, नको तिथेही विकास बिघडवतं. आम्लधर्मी अमिनो आम्लं घातली तर दुबळं होतं. इथे फॉस्फेट लगाम आहे. दोन्ही होमिओडोमेनवाली प्रथिनं, अर्थ मात्र विरुद्ध. १९९७-९८ मधली ही दोन कामं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आणि तिसरा प्रकार क्युबिटस इंटरप्टसचा, म्हणजे सीआयचा. हेजहॉग या प्रथिनाकडून येणारा संदेश नसताना पीकेए हे किनेज आधी फॉस्फेट बसवतं, त्या खुणेवर जीएसके-३ आणि सीके-१ पुढची फॉस्फेटं बसवतात, मग स्लिंब हे प्रथिन त्याला पकडतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचा अर्धा भाग खाऊन टाकतो. उरलेला तुकडा, सीआय-७५, जनुकं बंद करतो. अखंड सीआय-१५५ हे जनुकं चालू करणाऱ्या रूपाचं मूळ असतं. फॉस्फेटामुळे इथे प्रथिन नुसतं नाहीसं होत नाही, त्याचं कामच उलटं होतं.

पायरी १: कुठली पेशी, कुठली वेळ

जागांच्या यादीला हात लावण्याआधी एका कागदावर तुमचं ऊतक काढा. फॅक्टर कुठल्या पेशींत आहे, किनेज कुठल्या पेशींत जागं आहे आणि कधी, हे त्यावर लिहा. हे दोन्ही एकाच पेशीत, एकाच वेळी भेटत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

नवख्यांना मी नेहमी डोळ्याच्या डिस्कपासून (अळीतल्या ज्या चपट्या ऊतकातून पुढे डोळा बनतो त्यापासून) सुरुवात करायला सांगते. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीत डिस्कवर एक चर मागून पुढे सरकत जाते आणि साधारण दीड ते दोन तासांनी भिंगांची एक नवी रांग मागे सोडते. त्यामुळे एकाच डिस्कमध्ये सगळा काळ पसरून ठेवलेला मिळतो: मागे जुन्या पेशी, चरीजवळ नव्या. घड्याळ न लावता वेळ वाचता येते, हे सुख दुसऱ्या फार थोड्या ऊतकांत आहे.

किनेजसाठी तर इथे थेट खूण आहे. माशीतल्या एमएपी किनेजचं नाव रोल्ड. ते जागं झालं की त्याच्यावरच दोन फॉस्फेटं बसतात आणि ती ओळखणारी अँटिबॉडी मिळते. १९९७ मध्ये याच अँटिबॉडीने पहिल्यांदा जागं एमएपी किनेज भ्रूणात आणि डिस्कमध्ये प्रत्यक्ष दिसलं. ही खूण फार लवकर पुसते. अळीतून डिस्क बाहेर आल्याआल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये गेली पाहिजे. दहा अळ्या आधी सोलून मग एकत्र फिक्स करू, असं इथे चालत नाही.

पायरी २: यादीची छाननी

फ्लायबेस या माशीच्या जनुकांच्या माहितीकोशावरून प्रथिनाचा क्रम उतरवून घ्या आणि सगळ्यात आधी आयसोफॉर्म तपासा. एकाच जनुकाची दोन-तीन रूपं असतील तर एका शोधनिबंधातलं सेरीन २१० दुसऱ्यातलं सेरीन २४८ असू शकतं. ही चूक लक्षात येईपर्यंत प्रायमर मागवून झालेले असतात. आकड्यावर विसंबू नका, आजूबाजूची दहा अमिनो आम्लं जुळवून पाहा.

मग प्रत्येक जागेशेजारी काय आहे ते पाहा. सेरीन किंवा थ्रिओनीनच्या लगेच पुढे प्रोलीन असेल तर एमएपी किनेजचा संशय घ्या. आधी दोन आर्जिनीन आणि एक जागा सोडून सेरीन असेल तर पीकेए. पुढे तिसऱ्या जागी आम्लधर्मी अमिनो आम्ल असेल तर सीके-२. पुढे चौथ्या जागी आधीच फॉस्फेट बसलेलं सेरीन लागत असेल तर जीएसके-३. या खुणा इतक्या सैल आहेत की कुठल्याही मोठ्या प्रथिनात त्या योगायोगानेही सापडतात. म्हणून किनेजला धरून ठेवणारी डॉकिंगची जागा प्रथिनात आहे का, हेही पाहा. यानच्या बाबतीत तर डॉकिंगवर न थांबता मे नावाचं आणखी एक प्रथिन मध्ये येतं: यानच्या रेणूंची साखळी तोडून त्यांना किनेजच्या हाती लागू देणारं.

शेवटी ड्रॉसोफिलाच्या इतर जाती, डास, मधमाशी, जमलं तर माणूस यांच्याशी क्रम ताडून पाहा. टिकून राहिलेली जागा महत्त्वाची असण्याची शक्यता जास्त. पण न टिकलेली टाकून देऊ नका. फॉस्फेटच्या जागा बऱ्याचदा प्रथिनाच्या मोकळ्या, निश्चित घडी नसलेल्या भागात असतात आणि उत्क्रांतीत थोड्या इकडेतिकडे सरकतात. दहातल्या तीन-चार जागा निवडा. सगळ्यांमागे धावलात तर एकीचंही काम पुरं होत नाही.

पायरी ३: फॉस्फेट खरंच आहे का, हे जेलवर पाहा

इथे थोडं रेंगाळूया, कारण नव्या माणसाचे सर्वांत जास्त आठवडे इथेच वाया जातात.

पेशी फुटली की तिच्यातली फॉस्फटेजं मोकाट सुटतात. तुम्ही बर्फावर नळी ठेवून नाव लिहीत असता तेवढ्यात तुमचं फॉस्फेट गेलेलं असतं. सर्वांत खात्रीची युक्ती अगदी साधी आहे: डिस्क थंड सलाईन बफरमध्ये काढा आणि थेट गरम सॅम्पल बफरमध्ये टाकून उकळा. विकरं तिथल्या तिथे मरतात.

प्रथिन आधी वेगळं करून घ्यायचं असेल तर मात्र उकळून चालत नाही. तेव्हा बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवं, सेरीन-थ्रिओनीनसाठी. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट हवं, टायरोसीनसाठी. व्हॅनाडेट बाटलीतून काढून तसंच घालू नका. पीएच १० वर आणा, पिवळा रंग जाऊन द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा तपासा, आणि रंग परत येत नाही तोवर हे चक्र चालू ठेवा. पिवळं द्रावण म्हणजे व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जोडलेले; ते काम करत नाही. ईडीटीए आणि डीटीटीही त्याला निकामी करतात, म्हणून बफरच्या यादीवर एकदा शांतपणे नजर फिरवा. मी पहिल्या वर्षी सहा आठवडे टायरोसीनवरचं फॉस्फेट शोधत होते आणि ते दर वेळी गायब होतं. बफरमध्ये ईडीटीए होतं. त्या सहा आठवड्यांची नोंदवही मी अजून ठेवली आहे आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

आता जेल. साध्या जेलवर फॉस्फेट बसलेलं प्रथिन कधी थोडं वर सरकतं, कधी अजिबात नाही. फॉस-टॅग हे रसायन घातलेल्या जेलमध्ये ते फॉस्फेटला धरून ठेवतं, त्यामुळे फरक ठळक दिसतो. दोन पथ्यं पाळा. नमुन्यात ईडीटीए नको, आणि मेम्ब्रेनवर नेण्याआधी जेल ईडीटीएच्या बफरमध्ये भिजवून त्यातला धातू काढून टाका, नाहीतर प्रथिन जेलमध्येच अडकून राहतं. या जेलवर मार्कर पाहून वजन सांगू नका; पट्ट्या किती सरकल्या एवढंच एकमेकींशी ताडा.

वर सरकलेली पट्टी फॉस्फेटमुळेच सरकली, हे कशावरून? सुमो किंवा युबिक्विटिन ही छोटी प्रथिनं जोडली गेल्यानेही पट्टी सरकते. म्हणून तीन नळ्या लागतात: एकीत काही नाही, दुसरीत लॅम्डा फॉस्फटेज आणि त्याला लागणारं मँगनीज, तिसरीत फॉस्फटेज आणि त्याला थोपवणारी रसायनं. दुसरीत पट्टी खाली आली आणि तिसरीत वरच राहिली, तरच फॉस्फेट म्हणा. ही तिसरी नळी लोक वगळतात. वगळू नका, फॉस्फटेजच्या बाटलीतून आलेल्या एखाद्या प्रोटिएजने प्रथिन तोडलं असेल तर ते फक्त तिच्यामुळे कळतं.

फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी वापरत असाल तर मेम्ब्रेन दुधाऐवजी बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) बुडवा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटांनी भरलेलं असतं.

आणि पट्टी सरकली नाही म्हणून फॉस्फेट नाही, असं मात्र लिहू नका.

पायरी ४: किनेज कुठलं

माशीच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एस-२ पेशी इथे उपयोगी पडतात. इमोजेन श्नायडर यांनी १९७२ मध्ये जुन्या भ्रूणांपासून त्या तयार केल्या. २५ अंशांवर वाढतात, कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर लागत नाही, आणि दुहेरी आरएनए (त्याच क्रमाचं जनुक गप्प करणारा) माध्यमात टाकला की स्वतःच आत घेतात. संशयित किनेजांचा आरएनए एकेक करून टाका, तीन-चार दिवस थांबा, फॉस-टॅग जेल चालवा. छोट्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतही हे जमण्यासारखं आहे.

शुद्ध किनेज आणि शुद्ध प्रथिन नळीत एकत्र करून फॉस्फेट बसतं का पाहणं, हाही पुरावा आहे, पण कमकुवत. नळीत किनेज भरपूर असतं आणि दुसरं कुणी स्पर्धेत नसतं. त्यामुळे पेशीत ज्याच्याकडे ते बघणारही नाही त्याच्यावरही तिथे फॉस्फेट बसवतं.

माशीत किनेजच काढून टाकलं तर? इथे सीआयची गोष्ट लक्षात ठेवा. पंखाच्या डिस्कच्या पुढच्या भागात पीकेए काढलं की सीआय-१५५ साठतं आणि हेजहॉग नसतानाही त्याची जनुकं चालू होतात. यावरून पीकेए या मार्गाचं शत्रू आहे असं वाटेल. पण हेच पीकेए स्मूदन्ड या प्रथिनाच्या शेपटीवर फॉस्फेट बसवून हेजहॉगचा संदेश पुढे नेण्यालाही मदत करतं. एकच किनेज एकाच मार्गात दोन विरुद्ध ठिकाणी! किनेज काढून दिसलेला परिणाम त्याच्या सगळ्या कामांची बेरीज असतो. तुमच्या जागेचा हिशोब हवा असेल तर बदल त्या जागेतच करावा लागतो.

पायरी ५: जागा बदलणे

सेरीन किंवा थ्रिओनीनचं अलानीन करा, टायरोसीनचं फिनाइलअलानीन. तिथे फॉस्फेट बसूच शकत नाही. दुसरं रूप नकलेचं: अस्पार्टिक किंवा ग्लुटॅमिक आम्ल, जे ऋण प्रभार घेऊन कायम तिथे बसतं. जागा एकेकट्या बदला आणि सगळ्या एकत्रही बदला. इलारिया रेबे आणि जेराल्ड रूबिन यांनी १९९५ मध्ये यानमधल्या एमएपी किनेजच्या आठही जागा बदलून यान-अ‍ॅक्ट हे रूप तयार केलं. ते किनेजला दाद देत नाही, केंद्रकातच राहतं आणि पेशींना ठरू देत नाही. पण त्या आठांत सेरीन १२७ चं वजन सर्वांत जास्त, हे एकेक जागा बदलल्यावरच समजलं.

नकलेवर फार भरवसा ठेवू नका. खऱ्या फॉस्फेटचा प्रभार अस्पार्टिक आम्लापेक्षा जास्त असतो आणि आकारही वेगळा. १४-३-३ सारखी प्रथिनं खरं फॉस्फेट ओळखतात, नक्कल सहसा ओळखत नाहीत. यॉर्कीच्या सेरीन १६८ वर अस्पार्टिक आम्ल घालून 'कायमचं बंद' यॉर्की मिळेल अशी आशा धरली, तर हाती बऱ्याचदा अलानीनसारखंच मोकाट रूप येईल. नक्कल चालली तर छान. नाही चालली तर त्यावरून काहीच निष्कर्ष काढू नका.

अलानीनचाही एक धोका आहे: बदलामुळे प्रथिनाची घडीच बिघडली असेल. त्यासाठी सेरीनच्या जागी थ्रिओनीन घातलेलं एक रूप बनवा. पुष्कळ किनेजं तिथेही फॉस्फेट बसवतात. ते रूप नीट चाललं आणि अलानीनचं चाललं नाही, तर तुमचा युक्तिवाद खूप बळकट होतो. सीआयसारख्या पाठोपाठ बसणाऱ्या जागांमध्ये आणखी एक गोष्ट: पहिली जागा बदलली की नंतरच्या आपोआप रिकाम्या राहतात. दिसलेला परिणाम एकट्या पहिल्या जागेचा समजू नका.

पायरी ६: माशीत नेणे

बदललेलं जनुक माशीत कुठेही घुसवू नका. फाय-सी-३१ या विकराच्या पद्धतीने ठरलेल्या जागी बसवा, दुसऱ्या गुणसूत्रावर एटीटीपी-४० किंवा तिसऱ्यावर एटीटीपी-२. आणि मूळ रूप, अलानीनचं रूप, नकलेचं रूप, सगळी एकाच ठिकाणी. तसं केलं तरच त्यांची तुलना न्याय्य होते. भ्रूणात इंजेक्शन देण्याची सोय तुमच्याकडे नसेल तर बंगळूरच्या सी-कॅम्पमधल्या फ्लाय फॅसिलिटीत हे काम करून मिळतं; आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा तिथूनच करून घेतात.

त्यानंतर निवड येते: यूएएस (गाल-४ या यीस्टमधल्या प्रथिनाने चालू होणारा क्रम), की जनुकाचा स्वतःचा प्रमोटर (त्याला चालू करणारा डीएनएचा भाग)? यूएएस-गाल-४ झटपट होतं आणि हव्या त्या पेशीत प्रथिन देता येतं, पण ते वाजवीपेक्षा फार जास्त बनतं. या जास्तीमुळे काय होतं, ते आयझ अ‍ॅब्सेंट या प्रथिनाच्या गोष्टीतून शिका. ते स्वतः फॉस्फटेज आहे, आणि जास्त प्रमाणात बनवून केलेल्या प्रयोगांत त्याचं हे विकराचं काम डोळ्यासाठी गरजेचं वाटलं होतं. २०१३ मध्ये तेच निष्क्रिय रूप जनुकाच्या स्वतःच्या प्रमोटरखाली, योग्य प्रमाणात दिलं गेलं. माश्या जगल्या, डोळे झाले. फॉस्फटेजचं काम माशीच्या विकासाला लागतच नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे: यूएएसने अंदाज घ्या, पण निकाल जनुकाच्या स्वतःच्या प्रमोटरखालच्या रूपावर किंवा क्रिस्परने मूळ जागीच केलेल्या बदलावर द्या. क्रिस्पर करताना एक सावधगिरी: यान-अ‍ॅक्टसारखं रूप एका प्रतीतही घातक ठरू शकतं, मग स्टॉक टिकतच नाही. तसा संशय असेल तर बदल सुप्त ठेवून नंतर जागा करता येईल अशी रचना करा.

संकरासाठी दोन गोष्टी. २५ अंशांवर कोषातून बाहेर आल्यावर पहिले आठेक तास मादी कुमारी राहते. पोटात गडद ठिपका दिसतो ती नक्की नवी. आणि अळ्यांवर काम करणार असाल तर बॅलन्सर (बदल पिढ्यानपिढ्या टिकवून ठेवणारं, खूण असलेलं गुणसूत्र) टीएम-६बी निवडा. त्यावरच्या टबी खुणेमुळे नको असलेल्या अळ्या आखूड, जाडसर दिसतात आणि चिमट्यानेच बाजूला काढता येतात. सायओ बॅलन्सरचे वळलेले पंख अळीला कुठून असणार?

तापमान सांभाळा. १८ अंशांवर गाल-४ मंद, २९ वर जोमदार, त्यामुळे सगळ्या व्हायल एकाच इनक्युबेटरमध्ये, एकाच कप्प्यात ठेवा. ३० अंशांवर नर वांझ होतात. पुण्याच्या एप्रिलात वीज गेल्यावर खोलीचा पारा किती चढतो हे आपल्याला माहीत आहे. स्टॉकचा एक संच १८ अंशांच्या दुसऱ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा, वेगळ्या वीजजोडणीवर.

पायरी ७: पाहणे आणि मोजणे

रंगकामाआधी वेस्टर्न ब्लॉट करून सगळ्या रूपांचं प्रमाण तपासा. अलानीनचं रूप जास्त साठलं असेल तर तोच तुमचा निष्कर्ष असू शकतो, पण ते माहीत असायला हवं.

यानसाठी आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेतली ८बी१२एच९ ही अँटिबॉडी आणि चेतापेशींची खूण असलेल्या ईलॅव्ह या प्रथिनाची, या दोन्ही एकत्र लावा. साध्या माशीत चरीलगतच्या, अजून न ठरलेल्या पेशींची केंद्रकं यानने भरलेली दिसतात आणि मागे जाता जाता ईलॅव्ह वाढतं, यान ओसरतं. अलानीनच्या रूपात यान ईलॅव्ह असलेल्या पेशींतही रेंगाळतंय का, की ईलॅव्हच कमी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींसाठी रांगेनुसार मोजा: चरीपासून पाचवी रांग, दहावी, पंधरावी. मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कसली हे कळू देऊ नका. नावं झाकून ठेवा.

मोजायचं का, त्याचं कारण यानच्याच इतिहासात आहे. पाठ्यपुस्तकात गोष्ट सरळ आहे: संदेश आला, फॉस्फेट बसलं, यान गेलं, पेशी ठरली. २०१५ मध्ये हजारो केंद्रकांतलं यान एकेक करून मोजलं गेलं, तेव्हा दिसलं की ठरू लागलेल्या पेशींतही यान आधी वाढतं आणि मग उतरतं. फॉस्फेटची भूमिका त्याने खोटी ठरत नाही, पण चालू-बंदचं साधं चित्र अपुरं पडतं. नुसता एखादा सुंदर फोटो पाहून हे कधीच कळलं नसतं.

प्रौढ डोळ्यातली आर-७ पाहायला नेहमी सेक्शन कापावे लागतात असं नाही. माशीच्या डोक्यामागून प्रकाश टाकून डोळ्याच्या पृष्ठभागावर ऑइल इमर्शनने पाहिलं तर जिवंत माशीतच प्रत्येक भिंगाखालचे सात ठिपके दिसतात: सहा बाहेरचे, असमान चौकोनासारख्या मांडणीत, आणि मधला लहान ठिपका आर-७ चा. तो नसेल तर आर-७ नाही. ही पद्धत शिकायला एक दुपार पुरते.

पायरी ८: शेवटचा संकर

समजा अलानीनच्या रूपाने डोळा बिघडला. प्रथिन बदललं आणि डोळा बिघडला एवढंच सिद्ध झालं; तुमच्या किनेजचा संदेश त्याच जागेवर पोचतो हे अजून नाही. त्यासाठी किनेज कायम जागं ठेवणारी माशी घ्या. रोल्डचं सेव्हनमेकर हे रूप त्यासाठीच प्रसिद्ध आहे; त्यात संदेश नसतानाही मार्ग चालू राहतो आणि आर-७ जास्तीच्या होतात.

त्या पार्श्वभूमीवर तुमच्या फॅक्टरचं मूळ रूप आणि अलानीनचं रूप वेगवेगळं द्या. सेव्हनमेकरने मूळ रूपाचा परिणाम पुसला पण अलानीनच्या रूपाचा पुसला नाही, तर संदेश त्या जागेतून जातो असं म्हणायला आधार मिळाला. दोन्हींचा पुसला, तर संदेश दुसऱ्या वाटेनेही जातोय. डोळ्यात अशी दुसरी वाट आहेच: पॉइंटेड-पी-२ हा यानचा प्रतिस्पर्धी, ज्याच्या थ्रिओनीन १५१ वर तेच एमएपी किनेज फॉस्फेट बसवून त्याला जागं करतं. एकाच किनेजने यानला हटवायचं आणि पॉइंटेडला उठवायचं, आणि दोघंही डीएनएवरच्या त्याच जागांसाठी भांडणारे. तेव्हा दोन्हींचा परिणाम पुसला गेला तर पुढचा संकर पॉइंटेडची एक प्रत कमी करून लावा. रोल्ड आणि यान दोन्ही दुसऱ्या गुणसूत्रावर आहेत, पॉइंटेड तिसऱ्यावर. त्यामुळे तुमचं जनुक एटीटीपी-४० वर बसवायचं की एटीटीपी-२ वर, हा निर्णय इंजेक्शनला पाठवण्याआधी, हा शेवटचा संकर कागदावर मांडूनच घ्या.